परत दिलेले ठोके

बाई,

पत्र लिहायला फार उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. तुम्ही गेलात त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली, आणि गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं शहाण्याचं लक्षण नाही, हे मलाही कळतं. पण विचारायला दुसरं कोणी उरलेलं नाही. सोमवारी पुण्याहून डॉक्टर येणार आहेत आमच्या पोरीला तपासायला. पोर म्हणतो, पण तिला छत्तिसावं लागलंय, केसांत पांढरं दिसतं. माझ्या पुतण्यानं सगळं ठरवलं आहे. तो वाईट नाही. खाली बसून, माझा गुडघा दाबत मला म्हणाला, "आबा, तुमी हायसा तवर ठीक. तुमच्या मागं हिला कोन बघायचं? माजी बायकू चार पोरांचं करंल का हिचं करंल?" डॉक्टरांनी लिहून दिलं की पुण्याला वेड्यांच्या इस्पितळात तिला ठेवून घेतात म्हणे. डॉक्टर तिला बघतील आणि मग माझ्याकडे वळून विचारतील, हिला काही समजतं का? आज गुरुवार आहे. चार दिवसांत मला त्याचं उत्तर तयार करायचं आहे, आणि ते उत्तर तुमच्याकडे आहे.

तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तेव्हा पोर पाच वर्षांची होती. चौथ्या वर्षी पाय टाकू लागली होती, पण तोंडातून एक शब्द नाही. भूक लागली तरी मागायची नाही, पडली तरी रडायची नाही. हाक मारली तर ऐकू गेल्यासारखं वाटायचं आणि मग काहीच व्हायचं नाही. माझी बायको तिला पदराखाली झाकून नळावर न्यायची. आधी आम्ही गावच्या देवीला कौल लावला होता. देवीच्या दगडाला तांदळाचे दोन दाणे ओले करून चिकटवतात, उजवा पडला तर हो आणि डावा पडला तर नाही. पोरीला समज येईल का, एवढंच विचारलं होतं. आमचे दोन्ही दाणे जागचे हललेच नाहीत. सकाळ गेली, ऊन कलायला लागलं. गुरव कंटाळून म्हणाला, "देवीबी तुमच्या पोरीवानीच गप हाय." वडगावला जाऊन गाडी गाठायची होती, म्हणून आम्ही उठलो. दाणे नंतर कुठल्या अंगाला पडले ते मी आजतागायत विचारलेलं नाही.

तुम्ही मुलींच्या शाळेवर नव्या आला होता. पांढरं लुगडं, चष्म्याची एक काडी मोडलेली आणि तिथं दोरा बांधलेला. पोरीचं नाव पटावर घालता येत नाही म्हणालात, पण शाळा सुटल्यावर तुमच्या खोलीवर आणायला सांगितलंत. मी सुरुवात केली, "बाई, ही बोलत न्हाई, ही सांगितलेलं करत न्हाई, ही..." तुम्ही हात वर केलात. "काय करत नाही ते पुरे झालं. काय करते ते सांगा." मी म्हणालो, "काय न्हाई, बाई." तुम्ही म्हणालात, "मग तुम्ही पाहिलंच नाही."

ती परात मला अजून दिसते. पितळेची, कडेला ठोकर बसलेली. त्यात तुम्ही मूठभर गहू, एक किल्ली, देवघरातली छोटी घंटा, फडक्याचा तुकडा आणि दोन सागरगोटे ठेवलेत, परात पोरीपुढे सरकवलीत आणि भिंतीला टेकून बसलात. बोलला नाहीत, खुणावलं नाहीत. मी तिचा हात धरून घंटेवर ठेवायला गेलो तर माझ्यावर डोळे वटारलेत. ऊन ओटीवरून खाली उतरलं तरी पोर नुसती बसलेली. मला लाज वाटायला लागली. मग ती उठली, चुलीकडे गेली, तिथलं एक ताट उचलून आणलं आणि परातीवर पालथं घातलं आणि पुन्हा बसली. मी डोक्याला हात लावला. तुम्ही मात्र पहिल्यांदा हसलात. "हिनं झाकलं. आत काही आहे हे ज्याला कळत नाही, तो झाकायला जात नाही. उद्यापासून रोज आणा." एवढीच परीक्षा. पुण्याचे डॉक्टर तेवढा वेळ बसतील का, ठाऊक नाही. त्यांना परतीची गाडी असेल.

पुढच्या काही दिवसांत माझ्या घाईनं तुम्ही जेरीस आलात. तुम्ही पोरीला काही विचारायचं, आणि तिनं हलायच्या आत मी बोलायचं किंवा तिचा हात ढकलायचा. एके दिवशी तुम्ही शांतपणे विचारलंत, "तुम्ही रेल्वेत नक्की काय करता?" मी सांधेवाला, केबिनमधून गाड्यांचे रूळ बदलायचं काम. तुम्हाला सांगितलं, की भिंतीवर घंटेची पेटी असते. पुढच्या केबिनमधून ठोके येतात. जितके आले तितके आपण परत द्यायचे. परत दिल्याबिगर पुढचा गाडी सोडत नाही, मग मेल असो की मालगाडी. "आणि तुम्ही परत द्यायच्या आत दुसऱ्यानंच येऊन ठोके दिले तर?" मी म्हणालो, "अवो बाई, मानसं मरतील घाटात!" तुम्ही म्हणालात, "मग इथं का देता?"

त्या दिवसापासून तुमची शाळा ठोक्यांची झाली. पाटावर बोटाच्या पेरानं तुम्ही दोन ठोके दिलेत आणि थांबलात. पहिल्या दिवशी काही नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आठवडाभर नाही. नळावरच्या बायका माझ्या बायकोला म्हणायच्या, "मुकीला शाळा आन् बैलाला चश्मा." आठव्या की नवव्या दिवशी चुलीवर तुमची डाळ होती. तिचं पाणी आटलं, ती लागली, खोलीभर धूर झाला. मी उठायला लागलो तर तुम्ही नजरेनंच मला खाली बसवलंत. त्या धुरात पोरीनं मूठ उचलली आणि पाटावर दोनदा ठेवली. ठक. ठक. तुम्ही उठून भांडं उतरवलंत आणि माझ्याकडे पाठ करून बराच वेळ ते घासत राहिलात. करपलेल्या डाळीचा वास आला की मला आजही बरं वाटतं, हे कोणाला सांगितलं तर हसतील.

संपलं हे तिला कळावं म्हणून काय करायचं, असं तुम्ही विचारलंत, तेव्हा आमच्या केबिनची लाइन बंद करायची घंटा मीच तुम्हाला दाखवली. लागोपाठ तीन, मग थोडं थांबून एक. तुम्ही ते ठोके दिले की पोर ते परत द्यायची, सागरगोटे वाटीत गोळा करायची आणि उठायची. अडीच वर्षांत ती चारापर्यंत ठोके द्यायला शिकली, चार सागरगोटे मोजून मांडायला शिकली, ताट मांडायला शिकली. "दे" आणि "ये" म्हणायला लागली, जाडसर, घशातून, पण म्हणायची. रोज काय झालं ते मला वहीत लिहायला लावायचात आणि लाल शाईनं माझंच लिहिणं सुधारायचात. तिसरी शिकलेला माणूस मी, जे लिहितोय ते तुमच्यामुळेच. झग्याचं बटण मात्र तिला जमत नव्हतं. तीन महिने तुम्ही त्या बटणापाशी बसलात. मी म्हणालो, "ऱ्हाऊ द्या बाई, नाडी लावू." तुम्ही म्हणालात, "थांबा." तुमचा मला म्हणायचा शब्द तोच. थांबा.

मग जर्मनच्या लढाईच्या शेवटाला ती तापाची साथ आली. आमच्या चाळीत दर दोन घरांआड माणूस गेलं. माझी दुहेरी ड्यूटी लागलेली, केबिनवरून हलता येत नव्हतं. तुम्ही गेलात हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. पुण्याहून तुमचे कोणी आले आणि सामान नेलं. सागरगोट्यांची वाटी ओटीवर पडली होती, तेवढी मी आणली. पोरीला सांगायचं तरी कसं? मी सांगितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे जायची वेळ झाली तेव्हा तिनं स्वतःच पाट घेतला, खोलीच्या मागच्या भिंतीपाशी मांडला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. आमची खोली चाळीच्या टोकाची. त्या भिंतीपलीकडे कोणी राहत नाही. हातभर जागा, तिच्यात डोंगराचं पाणी, आणि पुढे फोडलेला काळा कातळ. पोर मान किंचित तिरपी करून बसली, तुमच्यापुढे बसायची तशी. बराच वेळ गेला. मग तिनं पाटावर दोन ठोके दिले. थांबली. पुन्हा बराच वेळ. मग तीन. बायको म्हणाली, "सवय हाय, मोडंल." मलाही तसंच वाटलं. पण ती मोडली नाही, आणि महिना गेल्यावर मी एक गोष्ट ओळखली, जी बायकोला ओळखता येणार नव्हती. बाई, आम्ही केबिनवाले नुसते परत जाणारे ठोके ऐकून सांगतो, की पलीकडून काय आलं असेल. ठोके सुरू करणाऱ्याचा हात वेगळा आणि परत देणाऱ्याचा हात वेगळा. पोर सुरू करत नव्हती. ती परत देत होती.

पावसाळ्यात आमच्याकडे धुकं घरात येतं ते तुम्हाला माहीत आहे. दाराची कडी दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, समोरचा माणूस आवाजावरून ओळखायचा. त्या धुक्यात पोर भिंतीपाशी बसलेली असायची आणि मी मागे बसून मोजायचो. पाच दिले. तुम्ही चारापर्यंतच आला होता. श्रावणात सात झाले, मग आठ. एकदा मी घरात शिरलो तर ती झग्याच्या बटणाशी झटत होती. थोडं करायची, थांबायची, मान तिरपी करायची, पुन्हा करायची, जणू पुढचं कोणी सांगत होतं. बटण काजात अर्धं गेलं आणि अडकलं. माझा हात आपोआप पुढे झाला. तिनं माझ्याकडे न बघता म्हटलं, "थांबा." मी हात मागे घेतला. बटण लागलं. मी बाहेर जाऊन ओटीवर बसलो, आणि विडी पेटवायला सहा काड्या लागल्या.

मी भिंतीला कान लावून पाहिला, एकदा नाही, कितीदा तरी. गार ओल लागायची आणि पाण्याचा आवाज यायचा. पोरीचं तोंड भिंतीकडे, माझा कान भिंतीला, मला काही नाही, आणि तिच्या बोटांतून आठ ठोके निघायचे.

सासूबाई गावाहून आल्या होत्या, त्यांनी दोन दिवस हे पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी मला बाहेर बोलावलं. "जावयबापू, तुमी शिकल्यालं मानूस, तुमाला दिसत न्हाई व्हय? बाईनं पोर धरलीया. तिला लेकरू नव्हतं. आज शिकवती, उद्या घिऊन जाईल." मी म्हणालो, तसलं काही नसतं. त्या म्हणाल्या, "मग पलीकडं कोन हाय?" बायको तर त्या दिवसापासून पोरीजवळ जेवेना. घरात एकच पोर, आणि आईच तिला भिते, हे मला बघवेना. मलाही भीती होती, कशाला खोटं बोलू? तुमची भीती नव्हती. ती एक दिवस दारातून धुक्यात चालत जाईल आणि तिला परत बोलवायला मला तुमच्याच नावानं हाक मारावी लागेल, याची होती.

म्हणून मी ते केलं. ड्यूटीवर जातो म्हणून दुपारी घरातून निघालो आणि चाळीच्या मागे वळलो. भिंत आणि कातळ यांच्यामधल्या जागेत शिरलो. पोटरीपर्यंत पाणी होतं, डोक्यावर धुकं, हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती. आत पोर पाटावर बसली आहे हे ठाऊक होतं. आतून सहा ठोके आले. मग शांत. तेव्हा मी बाहेरून भिंतीवर बंद करायची घंटा दिली. तीन, आणि थांबून एक. आणि वाट पाहिली. बाई, तुम्ही अडीच वर्षं मला थांबायला सांगितलंत आणि मी कधी धड थांबलो नाही. त्या दिवशी पहिल्यांदा पुरता थांबलो. पाय बधिर झाले, वरून दगडातलं पाणी मानेवर पडत होतं. मग आतून आलं. तीन. आणि थांबून एक.

घरी गेलो तर सागरगोटे वाटीत गोळा केलेले, पाट भिंतीला उभा. पोर चुलीपाशी आईजवळ बसली होती. त्यानंतर ती कधी त्या भिंतीकडे तोंड करून बसली नाही. बायको सुखी झाली आणि पुढे सुखातच वारली. मी तिला काही सांगितलं नाही. पण पोर जिथं होती तिथंच राहिली. बटण लावते. आठ मोजते. "दे", "ये", "थांबा". अठ्ठावीस वर्षं एवढंच. केबिनवर असं कोणी केलं, गाडी घाटात असताना लाइन बंद दिली, तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवतात. मला कोणी विचारलंच नाही. मी पुरी नोकरी केली, घाटात विजेची इंजिनं आलेली पाहिली आणि निरोपाचा हारही गळ्यात घालून घेतला.

आता कालचं सांगतो. पुतण्याचा निरोप आला, सोमवार ठरला. डॉक्टरांना काय सांगायचं ते बघावं, म्हणून दुपारी मी तिच्यापुढे पाट ठेवला आणि पेरानं दोन ठोके दिले. इतक्या वर्षांत एकदाही माझी छाती झाली नव्हती. ती माझ्या हाताकडे बघत राहिली. मी थांबायला हवं होतं. पण चहाचं आधण उकळत होतं, मला धाप लागली होती, आणि ती देणार नाही याची भीती वाटली, म्हणून मी उठून पाण्याची कळशी घेऊन बाहेर गेलो. परत आलो तर दारातच थबकलो. तिनं पाट फिरवून त्याच मागच्या भिंतीकडे नेला होता आणि ठोके चालले होते. मी कळशी खाली न ठेवता मोजले. अकरा. मग मान तिरपी. मग खूप वेळ काही नाही. मग तेरा. बाई, ती कधी आठाच्या पुढे गेलेली नाही. आणि मी तर दोनच दिले होते.

रात्रभर विचार केला. तुम्ही परत आला असाल तर मला कसलीही भीती नाही. सासूबाई म्हणायच्या तसं पोरीला धरलं असेल तर धरून ठेवा, माझ्यानंतर तेवढं तरी कोणी हवं. पण मग डॉक्टर विचारतील तेव्हा मला सांगावं लागेल, की साहेब, हिला काही समजत नाही, समजतं ते दुसऱ्याला. आणि ते तिला घेऊन जातील. आणि तुम्ही नसाल, तर तेव्हाही तुम्ही नव्हता. म्हणजे त्या भिंतीपाशी पोर एकटीच होती. स्वतःच विचारत होती, स्वतःच थांबत होती, स्वतःच परत देत होती, आणि पुढे चालली होती. मग मी पाण्यात उभा राहून बंद केली ती तुमची लाइन नव्हती, तिची होती. तसं असेल तर मला सोमवारी म्हणता येईल, हिला समजतं साहेब, सगळं समजतं, इथंच राहू द्या. पण ते म्हणतील, मग इतकी वर्षं ही अशी का राहिली? तर मी काय सांगू?

पत्त्याची जागा रिकामी आहे. तिकीट आणलं नाही. हे पोस्टात टाकता येणार नाही एवढं मला कळतं. तुमच्यापाशी लपवून काय उपयोग, म्हणून एक कबूल करतो. ते तुम्हीच असावं, असं मला मनातून वाटतं. पोरीसाठी नाही, बाई. माझ्यासाठी.

तुम्ही असाल तर कळवा. नसाल तर तेही कळवा, कसंही कळवा, पण सोमवारच्या आत.